आठवं कुलूप

१

लाइनवर माणसं चढलेली असली की मी जेवत नाही. हा नेम एकोणीस वर्षांचा, म्हणजे लग्न होऊन या कॉलनीत आले तेव्हापासूनचा. तसे माझे नेम पुष्कळ. एका वारी अळणी, एका वारी दुपारपर्यंत मौन, संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्या नेमांची नोंद ठेवायला देवाला एक वेगळा कारकून बसवावा लागला असेल. म्हणोत बापडे. त्या कारकुनाने आजवर माझ्या पदरात कमी काही टाकलेलं नाही.

हे सबस्टेशनचे शिफ्ट इनचार्ज. लांबच्या वीजकेंद्रातली वीज आधी आमच्याकडे येते आणि इथून दोन लाइनींनी शहराकडे जाते. एक नंबर आणि दोन नंबर. उंच टॉवरांच्या दोन रांगा टेकडी चढून पलीकडे उतरतात. आमचं क्वार्टर कंट्रोल रूमपासून चाळीस पावलांवर आहे. ट्रान्सफॉर्मरची घरघर दिवसरात्र चालू असते. पाहुणे पहिल्या दिवशी विचारतात, हे काय वाजतंय. मी म्हणते, कुठे काय. खरंच ऐकू येत नाही मला. बंद पडली तर मात्र झोपेतून उठून बसेन.

लाइनवर चढणाऱ्यांचे फोरमन आमचे भाऊजी, यांचे धाकटे भाऊ. सासूबाई गेल्या तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि मी त्या घरात नवी. शाळेचा डबा मी दिला, तापात उशाशी मी बसले. मला मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख करायला भाऊजींनी कधी सवडही दिली नाही. टोळीतले लोक त्यांना ‘खार’ म्हणतात, कारण ते शिडीशिवाय कुठेही चढतात. माझा नेम कुणासाठी आहे हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून काम संपलं की त्यांचा पहिला निरोप घरी येतो, सगळे उतरले, वहिनीला वाढून घ्यायला सांगा.

२

कंट्रोल रूमच्या भिंतीला एक लाल लोखंडी पेटी आहे. लाइन बंद केली की ती पुन्हा चालू करायच्या दांड्याला कुलूप घालतात आणि त्याची किल्ली या पेटीत ठेवतात. मग वर चढणारा प्रत्येक माणूस पेटीच्या कडीला आपलं स्वतःचं कुलूप लावतो आणि त्याची किल्ली आपल्या खिशात टाकतो. खाली उतरला की त्याने स्वतःच्या हाताने आपलं कुलूप काढायचं. दुसऱ्याने काढायचं नाही, साहेबानेही नाही. कडीला एक जरी कुलूप असलं तरी पेटी उघडत नाही, आणि पेटी उघडत नाही तोवर त्या लाइनीत वीज सोडता येत नाही.

मला ही रीत मनापासून आवडते. माणसाचा जीव त्याच्या स्वतःच्या खिशात. इतकी सरळ गोष्ट फार कमी ठिकाणी असते.

त्या दिवशी दोन नंबरच्या लाइनीवर काम होतं. तिसऱ्या आणि चौथ्या टॉवरवरच्या तडकलेल्या चिनीमातीच्या थाळ्या बदलायच्या होत्या. सकाळी नऊला परमिट, म्हणजे बंद लाइनीवर चढायची लेखी परवानगी, दिलं गेलं. सात माणसं, सात सह्या, सात कुलपं. संध्याकाळी दिवे लागायच्या आत लाइन परत हवी, असं लोड सेंटरने तीनदा बजावलं होतं. लोड सेंटर म्हणजे जिथून सगळ्या भागाची वीज वाटतात ते ठिकाण. ते शहरात आहे. आम्हाला तिथला फक्त आवाज माहीत. तिथले एक साहेब इतक्या घाईत बोलतात की मी त्यांना घाईसाहेब म्हणते.

एकाच्या सुमाराला मी यांचा डबा घेऊन गेले. हे फोनवर होते. मी पेटीजवळ उभी राहिले आणि हात रिकामे असले की मी जे करते ते केलं. मोजलं.

आठ.

३

पुन्हा मोजलं. चुकलं असेल, एक दोनदा धरलं असेल. तिसऱ्यांदा प्रत्येक कुलपावर बोट ठेवलं. लाइनमनची कुलपं एकसारखी असतात, वर पांढऱ्या रंगात नंबर. रंग उडालेला, कडेला तेलकट मळ. आठवंही त्याच जातीचं होतं. फक्त नंबराच्या जागी काही नव्हतं. खरवडलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं. कुणी तिथे अजून काही लिहिलंच नव्हतं.

आणि बाकीची सात बोटाला गार लागली. भिंतीवर पंख्याचा वारा येतो, लागणारच. आठवं कोमट होतं. नुकतंच कुणाच्या खिशातून निघाल्यासारखं.

यांनी फोन ठेवला तेव्हा मी सांगितलं. हसले. म्हणाले, उपाशीपोटी मोजलंस की असंच होणार. मग उठून आले आणि मोजलं. हसू गेलं नाही, तोंडावर तसंच राहून गेलं, दारात उभं करून ठेवलेल्या पाहुण्यासारखं.

सकाळी सातही जण यांच्या समोर कुलूप लावून गेले होते. त्यानंतर हे दोनदा यार्डात मीटर बघायला गेले होते, दहा-दहा मिनिटं. त्या वेळात कुणी आलं असेल म्हणावं, तर फाटकावरच्या वॉचमनने कुणाला आत सोडलेलं नाही. यांनी वॉकी-टॉकीवर भाऊजींना विचारलं, वर कितीजण आहात. सात, ते म्हणाले, आणि विचारलं, दादा, चष्म्याचा नंबर वाढला का. मागून टोळीचं हसणं ऐकू आलं. स्टोअरवाले काकांना विचारलं. काका रिटायर व्हायला आले आहेत आणि स्टोअरमधला खिळान् खिळा त्यांना पाठ आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कुलूप बघितलं आणि म्हणाले, हे आपलं आहे, पण मी दिलेलं नाही.

मी घरी आले. मनाला समजावलं की असतं असं. कुणीतरी जुनं कुलूप सापडलं म्हणून अडकवून ठेवलं असेल. माणसं खुंटीला काय वाटेल ते अडकवतात. पण कोमटपणाचं काही समजावता येईना, म्हणून देवापुढे बसले.

४

साडेतीनला काम संपलं. सातही जण जीपमधून आले, घामेजलेले, हसत. एकेकाने आपलं कुलूप काढलं. शेवटी भाऊजींनी काढलं. कडीला एक कुलूप उरलं.

मग ती गंमत थोडा वेळ चालली. कुणी म्हणालं, दादांचीच असेल चलाखी, आम्हाला चहा न पाजता घरी पाठवायची. कुणी म्हणालं, कुलपाला पोर झालंय. सातही किल्ल्या एकामागून एक लावून बघितल्या. एकही फिरली नाही. हळूहळू बोलणं कमी झालं. सातजण एकमेकांकडे बघायला लागले, आपण खरंच सात आहोत ना, अशा नजरेने. हे सगळं मला नंतर यांनी सांगितलं. हे म्हणाले, मी त्यांना ओळीत उभं करून मोजलं आणि मोजताना मला भीती वाटली की आता आठ भरतील.

पाच वाजायला आले होते. दोन नंबरचा भार दिवसभर एक नंबरच्या लाइनीने पेलला होता आणि ती तापली होती. दिवे लागायची वेळ झाली की ती टिकणार नव्हती. घाईसाहेबांनी फोनवर विचारलं, लाइन देताय की नाही. हे म्हणाले, पेटीला एक कुलूप आहे. साहेब म्हणाले, कुणाचं. हे म्हणाले, ठाऊक नाही. साहेब म्हणाले, सातच माणसं होती ना, सातही समोर आहेत ना, मग कापा.

कायदा तसा आहे. कुलपाचा मालक लाइनवर नाही याची खात्री झाली की वरिष्ठांच्या हुकुमाने कुलूप कापता येतं. मालकच कोण ते ठाऊक नसेल तर काय करायचं, हे कायद्यात नाही.

भाऊजी म्हणाले, मी एकदा जाऊन बघून येतो. हे म्हणाले, जा, पण खालूनच बघ, चढू नकोस. भाऊजी एकटेच जीप घेऊन गेले.

५

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसरा टॉवर दिसतो. वरची माणसं बोटाच्या पेराएवढी दिसतात. तरी भाऊजी मला ओळखू येतात, कारण ते डावखुरे आहेत आणि वरच्या पट्टीला आधी डावा हात घालतात.

साडेतीनला सातही जणांनी कुलपं काढली, एक उरलं, म्हणून भाऊजी पुन्हा बघायला गेले, एवढं वॉचमनने येऊन सांगितलं होतं; पण ‘सगळे उतरले’ हा निरोप आला नव्हता, म्हणून मी जेवले नव्हते. भात करून झाकून ठेवला होता. सहज वर बघितलं तर टॉवरवर माणूस चढत होता. डावा हात, मग उजवा. मला बरंच वाटलं. वर कुणीतरी अडकलं होतं म्हणायचं, आणि भाऊजी त्याला आणायला गेले. कारण दुसरा माणूसही दिसत होता. टॉवरच्या आडव्या हाताच्या अगदी टोकाला, जिथून थाळ्या लोंबतात आणि खाली तार असते, तिथे तो पाय सोडून बसला होता. ओट्यावर बसावं तसा.

भाऊजी आडव्या हातावरून सरकत त्याच्यापर्यंत गेले. थोडा वेळ दोघे तसेच होते. मग बसलेल्याने वळून हात पुढे केला आणि भाऊजींच्या छातीला लावला.

ढकलतोय, असं मला वाटलं. पण हात तसाच राहिला.

आणि मग माझ्या डोक्यात ते शिरलं. भाऊजींनी आपलं कुलूप काढलं होतं. साडेतीनलाच. पेटीला त्यांचं काहीही नव्हतं.

चाळीस पावलं मी कशी गेले ते आठवत नाही. चप्पल घातली नव्हती, एवढं आठवतं.

६

कंट्रोल रूममध्ये फोन टेबलावर आडवा पडला होता आणि त्यातून घाईसाहेबांचा आवाज येत होता, झालं का, झालं का. टोळीतले सहाजण भिंतीला टेकून उभे होते. स्टोअरवाले काकांनी लांब दांड्यांचा कटर कुलपाच्या कडीला लावला होता. हे त्यांच्या शेजारी उभे होते, एक हात पेटीवर.

मी म्हणाले, “भाऊजी वर आहेत.”

हे म्हणाले, “मी त्याला चढू नको म्हटलंय.”

“चढलेत. मी बघितलं. आडव्या हातावर आहेत, तारेपाशी.”

यांनी वॉकी-टॉकी उचलून हाक मारली. दोनदा, तीनदा. नंतर कळलं, भाऊजींचा वॉकी-टॉकी जीपच्या सीटवर पडलेला होता. काकांनी दांडे सैल सोडले. कुलपाच्या कडीवर कटरने एक बारीक चकचकीत रेघ उमटवली होती. तेवढंच. पुढे दांड्याचं कुलूप उघडायचं, दांडा फिरवायचा, बटण दाबायचं. दहा मिनिटांचं काम होतं.

यांनी फोन उचलला. घाईसाहेब म्हणाले, सात माणसं उतरल्याची नोंद माझ्यासमोर आहे. हे म्हणाले, “माणूस वर आहे, साहेब. लाइन मिळणार नाही.” आणि फोन ठेवून दिला. एकोणीस वर्षांत यांनी कुणाचा फोन असा ठेवलेला मी बघितला नव्हता.

वर दोघे आहेत, हे मी बोलले नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

७

भाऊजी अर्ध्या तासाने आले. एकटेच. हे त्यांना मारतील असं मला वाटलं. यांनी फक्त त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. लावताना ते तीनदा निसटलं.

मी पाणी दिलं. भाऊजींनी ते सगळं पिऊन मग सांगितलं. तिसऱ्या टॉवरपाशी जीप थांबवली तर वर माणूस दिसला. हाक मारली, हालला नाही. उंचीवर कधीकधी माणसाचं अंग धरतं, भीतीने हातपाय सुटत नाहीत, अशा वेळी कुणीतरी चढून त्याला बोलतं करत खाली आणावं लागतं. म्हणून चढले.

हे म्हणाले, तुझं कुलूप नव्हतं पेटीला.

“अर्ध्यावर गेल्यावर आठवलं,” भाऊजी म्हणाले. “पण त्याचं होतं ना. त्याच्या कुलपावर चढलो, दादा.”

सहाही जणांनी माना खाली घातल्या. दुसऱ्याच्या कुलपावर चढू नये, ही या कामातली पहिली शिकवण. आणि ती मोडायचा मोह कुणाला झालेला नाही असा एकही लाइनमन नसेल.

कोण होता, यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, पाठमोरा होता. पट्टा आपल्यासारखाच. खालून चढताना बुटांचे तळवे दिसत होते. ते कोरे होते. कधी जमिनीवर टेकलेच नसावेत असे. एवढं सांगून ते थांबले आणि उगीच हात पुसले.

“मी म्हटलं, चल बाबा, उतरू या. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. साधाच आवाज. दमलेला. आणि मला इथं हात लावला.”

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, आणि खिशात काहीतरी आहे हे त्यांना तेव्हाच कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. आत एक किल्ली होती.

८

किल्ली टेबलावर ठेवली. कुणी तिला हात लावेना.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून विचार करत होते. त्या कुलपाने भाऊजींना वाचवलं, हे खरं. ते नसतं तर साडेतीनलाच पेटी उघडली असती आणि चारच्या आत लाइनीत वीज आली असती. पण ते नसतं तर भाऊजी पुन्हा चढले असते कशाला. तेच कुलूप त्यांना वर घेऊन गेलं आणि त्याच कुलपाने त्यांना वर सांभाळलं. राखणारा म्हणावं की बोलावणारा, हे मी दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं. सुपातल्या दाण्यासारखं ते पाखडलं. शेवटी माझ्या हातात तो दमलेला आवाज उरला. तुम्ही व्हा पुढे. वाईट मनाचा माणूस असं बोलत नाही. आपल्याला उशीर होणार आहे हे ठाऊक असलेला बोलतो.

यांचं म्हणणं एकच होतं, ज्याचं कुलूप त्याने काढायचं. काका म्हणाले, किल्ली दिली म्हणजे काढा म्हणून सांगितलंच की. हे म्हणाले, किल्ली दिली म्हणजे उतरला असं होत नाही. मग भाऊजींना विचारलं, पुढे व्हा म्हणाला ना, म्हणजे मागून येणार.

म्हणून आम्ही वाट बघितली. खरंच बघितली. नऊ शहाणी माणसं आणि मी, फाटकाकडे तोंड करून बसलो. दोघे जीप घेऊन चौथ्या टॉवरपर्यंत जाऊन आले. झुडपं बघितली, नाला बघितला. दुर्बीण लावून टॉवर बघितला. रिकामा. वॉचमनने दोनदा फाटक उघडलं आणि दोन्ही वेळा म्हणाला, कुणी आल्यासारखं वाटलं.

सहाला पाच कमी असताना लोड सेंटरचा फोन आला. या वेळी घाईसाहेब घाईत नव्हते. म्हणाले, एक नंबर आणखी पंधरा मिनिटंच टिकेल. मग अर्ध्या शहराची वीज मला तोडावी लागेल, दवाखान्यांसकट. मी तुम्हाला हुकूम करत नाही. विचारतोय.

हे भाऊजींना म्हणाले, परमिट तुझ्या नावावर होतं. तुझी माणसं तू मोज.

भाऊजींनी फोन घेतला. परमिट परत करायचे शब्द ठरलेले असतात आणि पलीकडचा ते जसेच्या तसे परत म्हणतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहात नाही. भाऊजींनी लाइनीचा नंबर सांगितला, वेळ सांगितली. मग खिडकीतून टेकडीकडे बघितलं.

“माझी आठ माणसं खाली आली. लाइन चालू करायला हरकत नाही.”

मग घाईसाहेब म्हणाले, परमिटवर सात आहेत.

“आठ लिहा, साहेब.”

पलीकडे कागद वाजला. मग तो लांबचा, कधीही न बघितलेला माणूस सावकाश म्हणाला, “आठ माणसं खाली आली. सहा वाजता. आठ लिहिलं.”

९

किल्ली भाऊजींनीच लावली. कुलूप उघडलं, काहीही आवाज न करता. यांनी ते खाली ठेवलं नाही, हातातच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने बाकीचं काम केलं. दांडा फिरला, बटण दाबलं गेलं.

मी मुद्दाम खिडकीशी उभी होते. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. वर कुणी असेलच, तर त्याच्याकडे बघायला एक तरी माणूस असावं. काही दिसलं नाही. तारांची ती बारीक सरसर सुरू झाली, तळणीत थेंब पडल्यासारखी, आणि टेकडीपलीकडे शहराचे दिवे होते तसेच राहिले. तिथल्या कुणाला काही कळलंही नसेल.

फक्त, वीज आली त्या क्षणी, तिसऱ्या टॉवरच्या पायथ्याचं गवत दुभंगलं आणि ती भांगाची रेघ आमच्या कुंपणाच्या दिशेने निघाली. वारा असेल. संध्याकाळी वारा सुटतोच. पण बाकीचं गवत उभं होतं.

१०

यांची शिफ्ट आठपर्यंत होती. भाऊजींना मी घरी घेऊन आले. दिवा लावला. हातपाय धुऊन ते स्वयंपाकघरातल्या बाकावर बसले, लहानपणी बसायचे तसे, भिंतीला टेकून. मी त्यांना वाढलं, माझंही ताट घेतलं आणि समोर बसले. पण हात पुढे जाईना. लाइनवरची सगळी उतरली म्हणायचं का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा नेम सातासाठी नव्हता आणि आठासाठीही नव्हता. तो सगळ्यांसाठी होता.

भाऊजींना ते कळलं. म्हणाले, “आठ सांगितलेत ना मी. जेव, वहिनी.”

“खोटं तर नाही सांगितलंत?”

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. “पण माझ्या कुणाला वर ठेवून मी लाइन देईन का?”

मी देवाचं नाव घेऊन पहिला घास घेतला. भाऊजीही जेवायला लागले. भूक लागलेली होती, मान खाली घालून भराभरा जेवत होते. मागचं दार मी लावलं नव्हतं. उकाडा होता. दाराशी काही वाजलं असंही नाही.

दोन-चार घास झाले असतील. भाऊजी मान वर न करता, हातातला घास तसाच ठेवून, बाकावर जरा बाजूला सरकले. शेजारी कुणी बसायला आलं की आपण जागा करून देतो, तसे. आणि पुन्हा जेवायला लागले. आपण सरकलो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

ओरडावं असं वाटलं, भाऊजींना हाताला धरून बाहेर न्यावं असं वाटलं. मग बाकाच्या त्या मोकळ्या जागेखाली लक्ष गेलं. सकाळी पुसून घेतलेल्या फरशीवर दोन बुटांचे ठसे होते, शेजारीशेजारी, ओल्या मातीचे. कोरे नव्हते. कुंपणापासून चालत आल्यावर तळव्यांना जेवढी माती लागते तेवढीच होती.

मी उठले आणि फळीवरून आणखी एक ताट काढलं. भात अजून गरम होता.